चावी काढली तरी करंट चालूच: जुन्या गाडीत नवा स्टिरिओ

जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवल्यापासून बॅटरी टिकत नाही, अशी पत्रे या वेळी इतकी आली की संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: १९७०च्या दशकातली गाडी आहे, अल्टरनेटरवाली. ब्लूटूथचा स्टिरिओ आणि डिकीत छोटा अ‍ॅम्प बसवून घेतला. तेव्हापासून गाडी तीन दिवस उभी राहिली की चौथ्या दिवशी सेल्फ उचलत नाही. बॅटरी नवी घेतली तरी तेच. सुरुवात कुठून करू?

आणखी एक बॅटरी घेऊ नका. आधी कागदावर हिशेब मांडा, त्यात अर्धा शोध लागतो. ४५ अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरली की सेल्फ जड फिरायला लागतो. म्हणजे ७२ तासांत सुमारे २५ अ‍ॅम्पिअर-अवर कुठेतरी गेले. २५ भागिले ७२, म्हणजे जवळपास ०.३५ अ‍ॅम्पिअर. आता हे स्टिरिओच्या मेमरीच्या खर्चाशी ताडून पाहा. बंद अवस्थेतला धड स्टिरिओ २ ते १० मिलिअ‍ॅम्पिअर घेतो. ५ धरले तर महिन्याला ३.६ अ‍ॅम्पिअर-अवर होतात. तेवढ्याने तीन दिवसांत बॅटरी बसत नाही. तेव्हा मेमरीला दोष देण्यात अर्थ नाही. चावी काढल्यावरही काहीतरी पूर्ण जागे राहते आहे.

३५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास खाणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. स्क्रीन काळी झाली पण आतून बंद न झालेला स्टिरिओ. रिमोट वायरवर (अ‍ॅम्पला ‘चालू हो’ असा निरोप देणारी स्टिरिओची वायर) व्होल्टेज राहिल्याने चालू असलेला अ‍ॅम्प. तो गाणे नसतानाही अर्धा अ‍ॅम्पिअर किंवा जास्त घेतो. सतत ओढून धरलेला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. त्याची कॉइल साधारण १५० मिलिअ‍ॅम्पिअर खाते. आणि ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही तो डिकीतला किंवा ग्लोव्ह बॉक्समधला ५ वॉटचा बल्ब: ५ भागिले १२, म्हणजे ०.४२ अ‍ॅम्पिअर. अ‍ॅम्प बसवताना डिकीचा स्विच हलला असेल तर हाच बल्ब गुन्हेगार निघतो. मोबाइल डिकीत ठेवून व्हिडिओ चालू करा, झाकण बंद करा आणि मग पाहा. मल्टिमीटर हातात घेण्याआधी ही खात्री करून टाकावी.

मग मोजणी. बॅटरी पूर्ण चार्ज करून चार-सहा तास नुसती ठेवा आणि व्होल्टेज बघा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. चार्जर काढल्या काढल्या मोजलेला आकडा फसवा असतो. ठेवून दिल्यावर काहीही न जोडता ती १२.४च्या खाली घसरली, तर बॅटरीच खराब आहे आणि पुढची मोजणी वाया जाईल.

चावी काढा, दारे लावा, बॉनेट उघडे ठेवा आणि बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. बॅटरीची अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी, केबल सोडा. आता मीटर लगेच लावू नका. केबल आणि बॅटरीचा पोस्ट यांच्यामध्ये आधी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसह जोडा. क्षणभर उजळून विझला किंवा तार नुसती तांबूस राहिली तर मीटर लावायला हरकत नाही. तो क्षणभराचा उजेड अ‍ॅम्पमधले कपॅसिटर भरण्याचा असतो. बल्ब झगझगीत पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा मोठा लोड चालू आहे. तो सापडेपर्यंत मीटर मध्ये घातला तर मीटरचा फ्यूज जाईल.

मीटरचा लाल प्रोब १० अ‍ॅम्पिअरच्या भोकात, नॉब डीसी अ‍ॅम्पिअरवर. बल्ब जागेवर असतानाच मीटर त्याला समांतर जोडा, मग बल्ब काढा. जोडणी मध्येच तुटत नाही आणि कपॅसिटरचा झटका मीटरला बसत नाही. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही. पंधरा-वीस मिनिटे थांबा, कारण बॅटरी जोडल्याबरोबर काही स्टिरिओ जागे होतात आणि हळूहळू झोपतात. त्यानंतर स्थिरावलेला आकडा खरा. घड्याळ धरूनही जुन्या गाडीत तो २० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत यायला हवा. नव्या गाड्यांना ५० पर्यंत सूट देतात ती त्यांच्यातल्या संगणकांमुळे. तुमच्या गाडीत ते नाहीत.

आकडा मोठा आला तर एकेक गोष्ट तोडत चला आणि मीटरवर डोळा ठेवा. आधी स्टिरिओच्या पिवळ्या वायरचा फ्यूज, मग अ‍ॅम्पचा बॅटरीजवळचा मोठा फ्यूज, मग गाडीचे मूळ फ्यूज. जो काढल्यावर आकडा पडतो, त्या वाटेवर दोष आहे. एवढ्याने सापडले नाही तरी शोध थांबवू नका, कारण जुन्या गाड्यांत बऱ्याच लाइनी फ्यूजमधून जातच नाहीत. इग्निशन स्विच, हेडलाइट आणि अल्टरनेटर बहुधा थेट असतात. अल्टरनेटरची जाड वायर बॅटरीची केबल सुटी असतानाच काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर आतला डायोड गळतो आहे. डायोड गरम असताना जास्त गळतो, म्हणून गाडी फिरवून आणल्याबरोबर ही चाचणी केलेली चांगली.

फ्यूज न उपसताही अंदाज घेता येतो. १० अ‍ॅम्पिअरच्या ब्लेड फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टला ठेवून टेकवा. ३५० मिलिअ‍ॅम्पिअर वाहत असतील तर अडीच-तीन मिलिव्होल्ट दिसतात, काही वाहत नसेल तर शून्य. काम संपल्यावर लाल प्रोब व्होल्टच्या भोकात परत घाला. तो अ‍ॅम्पिअरच्या भोकात तसाच राहिला आणि तुम्ही बॅटरीचे व्होल्टेज मोजायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट आहे.

प्रश्न: माझ्या गाडीच्या इग्निशन स्विचला ऑफ, ऑन आणि स्टार्ट एवढेच आहे. फिटरने स्टिरिओची लाल आणि पिवळी वायर एकत्र करून डायरेक्ट बॅटरीला दिली. स्टिरिओ बटणाने बंद करतो, तरी बॅटरी उतरते.

जुन्या गाड्यांतले सर्वांत जास्त सापडणारे दुखणे हेच. पिवळी वायर म्हणजे कायमची लाइन: बहुतेक आधुनिक स्टिरिओ मेमरीही आणि चालताना लागणारा मुख्य करंटही तिच्यातूनच घेतात. लाल वायर ‘चावी चालू आहे’ एवढा निरोप देते. लालला सतत १२ व्होल्ट मिळत राहिले तर स्टिरिओच्या दृष्टीने चावी कधी बंद होतच नाही. बटणाने बंद केला तरी ब्लूटूथ आणि बटणांचे दिवे जागे राहतात, आणि काही स्टिरिओ रिमोट वायरवर व्होल्टेजही सोडत राहतात.

दोन्ही वायर इग्निशनला जोडल्या तर गळती थांबते, पण दर वेळी घड्याळ आणि स्टेशने पुसली जातात. पिवळी कायम लाइनला आणि लाल इग्निशनला, ही रूढ जोडणी. तिच्यात जुन्या गाडीला एक धोका आहे आणि तो लक्षात ठेवाच. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायला चावी ऑनवर ठेवली आणि काँटॅक्ट पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा इंजिनवरचा स्विच) नेमके मिटलेले असले, तर इग्निशन कॉइलमधून सतत करंट जातो. अर्ध्या तासात कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते, पॉइंट जळतात आणि बॅटरीतले तासाला ३-४ अ‍ॅम्पिअर-अवर जातात ते वेगळेच.

म्हणून तुम्ही थांबलेल्या गाडीत गाणी ऐकणारे असाल, तर आमच्या मते लाल वायरला डॅशखाली वेगळा छोटा टॉगल स्विच द्यावा. त्याची लाइन फ्यूजमधून आलेल्या कायमच्या लाइनवरून घ्या. लाल वायरमधून किरकोळ करंट जातो, त्यामुळे साधा स्विच चालतो. जाड स्विच किंवा रिलेची गरज नाही. स्विच विसरण्याची सवय असेल तर पेटलेला दिसणारा स्विच घ्या, आणि तो दिवा स्विच बंद झाल्यावर विझतो याची खात्री करा. स्टिरिओ जुन्या कॅसेटच्या जमान्यातला असेल तर गोष्ट वेगळी: त्यातले काही सगळा करंट लालमधूनच घेतात. पिवळीचा फ्यूज काढूनही गाणे चालू राहिले तर तुमचा त्यातला आहे असे समजा, आणि स्विच १० अ‍ॅम्पिअरचा बसवा.

लाइन कुठून घ्यायची हे वायरच्या रंगावरून कळते. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचे वायरिंग असलेल्या ब्रिटिश गाड्यांत तपकिरी वायर थेट बॅटरीची, फ्यूज नसलेली. जांभळी कायमची, फ्यूजमधून आलेली. पांढरी इग्निशनची, फ्यूज नसलेली. हिरवी इग्निशनची, फ्यूजमधून आलेली. स्टिरिओच्या पिवळ्या वायरला जांभळी आणि इग्निशनवर जोडायची असल्यास लालला हिरवी. पांढरीवर टॅप मारू नका. तिच्यावर कॉइल आहे आणि कॉइलला बॅलास्ट रेझिस्टन्स (कॉइलला मिळणारे व्होल्टेज कमी करणारा रोधक) असेल तर त्याच्या पलीकडे पूर्ण १२ व्होल्ट नसतातच. इतक्या वर्षांत वायरिंग बदललेले असू शकते, म्हणून रंग पाहिल्यावरही चावी ऑन-ऑफ करून व्होल्टमीटरने पडताळा घ्या.

फ्यूजबद्दलही याच पत्रात विचारले आहे. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेले असते, पण तो आकडा वितळण्याचा. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता १७ अ‍ॅम्पिअरच आहे. आजच्या फ्यूजवर लिहितात तो सतत वाहण्याचा आकडा. त्या जागी आजचा ३५चा फ्यूज घातला तर फ्यूजआधी वायर जळेल. स्टिरिओच्या पिवळ्या वायरला मात्र स्वतःचा फ्यूज हवा, आणि त्याचा आकडा स्टिरिओच्या पाठीवरच्या फ्यूजएवढा, बहुधा १० किंवा १५. तो लाइन घेतल्या जागेच्या जवळ बसवा.

प्रश्न: रात्रभर गाडी उभी असते तरी सकाळी डिकीतला अ‍ॅम्प कोमट लागतो. अ‍ॅम्प खराब आहे का?

बहुधा नाही. स्टिरिओ बंद करा आणि अ‍ॅम्पच्या रिमोट टर्मिनलवर, अर्थच्या तुलनेत, व्होल्टेज मोजा. शून्य यायला हवे. १२ आले तर ती वायर कुठे गेली आहे ते शोधा. स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्याच्या वायरऐवजी ती पिवळीला किंवा थेट अ‍ॅम्पच्याच बॅटरी टर्मिनलला जोडलेली सापडते. वायर आखूड पडली की असे उरकले जाते. नुसत्या निळ्या वायरला जोडली असेल तर ती पॉवर अँटेनाची आहे, आणि काही स्टिरिओत ती रेडिओ लावल्यावरच जिवंत होते.

रिमोटवर शून्य आहे आणि तरीही अ‍ॅम्प कोमट, तर स्पीकरच्या वायरवरून आपोआप चालू होण्याची सोय त्यात आहे का पाहा. तसा स्विच असेल तर बंद करून रिमोट वायर वापरा. तेही नसेल तर रिमोटची वायर पूर्ण काढा. मग सुद्धा अ‍ॅम्प अर्धा अ‍ॅम्पिअर घेत असेल, तेव्हा तो दुरुस्तीला न्यावा. अ‍ॅम्पशेजारी आकडे दाखवणारा मोठा कपॅसिटर लावला असेल तर त्याचा डिस्प्लेही तपासा. काही डिस्प्ले कधीच विझत नाहीत.

प्रश्न: गाडी डायनॅमोवाली. उभ्या गाडीत मीटरवर फक्त ४ मिलिअ‍ॅम्पिअर दिसतात, म्हणजे गळती नाही. तरी रात्री गाणी लावून गावात फिरलो की दोन-तीन फेऱ्यांत बॅटरी बसते.

तुमची मोजणी बरोबर आहे. बॅटरी उभ्या गाडीत उतरत नाही, चालत्या गाडीत उतरते. याला गळती समजून वायरिंग उसवत बसलात तर हाती काही लागणार नाही. डायनॅमो म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या काळातला, बॅटरी चार्ज करणारा जनरेटर.

ल्यूकसचा सी४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अ‍ॅम्पिअर देतो, तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटतो तो म्हणूनच. आता खर्च मोजा. ४५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे ७.५ अ‍ॅम्पिअर, बारीक दिवे मिळून २, इग्निशन ३ ते ४, वायपर सुमारे ३, हीटरचा पंखा ३ ते ४. हे झाले १९-२०. स्टिरिओ बेताच्या आवाजात २ ते ४ घेतो आणि अ‍ॅम्प असेल तर त्यावर आणखी. म्हणजे मोकळ्या रस्त्यावरही बॅटरीच्या वाट्याला काही उरत नाही. सिग्नलला आणि गर्दीत मिळून वीस मिनिटे आयडलवर गेली, तर २० अ‍ॅम्पिअरने साडेसहा अ‍ॅम्पिअर-अवर बॅटरीतून जातात. ते भरून येण्याआधी तुम्ही घरी पोचता.

पडताळा सोपा आहे. हेडलाइट, पंखा, स्टिरिओ सगळे लावा, इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास धरा आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३ किंवा जास्त असेल तर बॅटरी भरते आहे. १२.५ किंवा खाली असेल तर रिकामी होते आहे. रिकामी होत असल्यास आधी पट्टा पाहा. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबून तो १२ मिलिमीटरच्या आसपास दबला पाहिजे. ढिला पट्टा लोड आल्यावरच घसरतो, म्हणून दिवसा कळत नाही.

पट्टा ठीक असेल तर खर्च कमी करावा किंवा कमाई वाढवावी. बारीक दिवे एलईडीचे केले तर दीड अ‍ॅम्पिअर वाचतो. अ‍ॅम्प काढून कमी ताकदीतही मोठा आवाज देणारे, चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर लावले तर त्याहून जास्त वाचतो, आणि मूळ गाडी तशीच ठेवायची असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू. अल्टरनेटर बसवायचाच असेल तर ल्यूकसचा १७एसीआर ३६ अ‍ॅम्पिअर देतो आणि आयडललाही थोडे चार्ज करतो. पण डायनॅमोची जुनी वायर आणि डॅशमधला ३० अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅमीटर त्यासाठी केलेला नाही. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर ओढा आणि डायनॅमोचे व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचा डबा सर्किटमधून काढा.

एक इशारा. इंजिन बंद केल्यावरही अ‍ॅमीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकलेला राहिला आणि डायनॅमो तापत असला, तर कटआउटचे (डायनॅमो चार्ज करत नसताना त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या रिलेचे) पॉइंट चिकटले आहेत. बॅटरी डायनॅमोला मोटरसारखी फिरवू पाहते आहे. तत्काळ बॅटरीची केबल सोडा. यात वायरिंग पेटू शकते.

प्रश्न: गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. स्टिरिओच्या लाल-काळ्या वायर उलट जोडून चालेल का?

नाही. आधुनिक स्टिरिओचे धातूचे खोके, अँटेनाच्या केबलची जाळी आणि बहुधा यूएसबीची बाहेरची कडा या सगळ्या निगेटिव्हला जोडलेल्या असतात. तुमच्या गाडीची बॉडी पॉझिटिव्ह आहे. खोके डॅशच्या पत्र्याला टेकले की शॉर्ट. लाकडी किंवा प्लास्टिकच्या चौकटीत बसवून खोके वाचवले, तरी अँटेना लावताच तिची जाळी पत्र्याला भिडते.

दोन वाटा आहेत. पहिली, आतून इन्सुलेटेड असलेला डीसी-डीसी कन्व्हर्टर. त्याची आउटपुट बाजू गाडीच्या बॉडीपासून पूर्ण वेगळी असते. तरीही खोके आणि अँटेना पत्र्यापासून अलगच ठेवावे लागतात. विकत घेताना ‘आयसोलेटेड’ असल्याची खात्री करा, कारण साध्या कन्व्हर्टरमध्ये दोन्ही बाजूंची निगेटिव्ह एकच असते. कन्व्हर्टर स्वतःही बसल्या जागी करंट खातो, म्हणून त्याला स्विच लावा आणि स्टेशनांची मेमरी सोडून द्या.

दुसरी वाट, गाडी निगेटिव्ह अर्थ करणे. बॅटरी फिरवताना लक्षात येईल की पॉझिटिव्ह पोस्ट जाड असतो, त्यामुळे केबलच्या क्लॅम्प बदलाव्या लागतात. कॉइलच्या दोन्ही बारीक वायर अदलाबदल करा, अ‍ॅमीटरच्याही. मग डायनॅमोचे ध्रुव बदलायचे: त्याची एफ (फील्ड) टर्मिनलची वायर काढा आणि बॅटरीच्या जिवंत, म्हणजे आता पॉझिटिव्ह, टर्मिनलवरून घेतलेली वायर त्या एफला सेकंदभर, दोन-तीनदा टेकवा. छोटी ठिणगी उडते. ती बॅटरीपासून लांब उडेल असे पाहा, कारण बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. हे न करता इंजिन चालू केले तर डायनॅमो उलटा चार्ज करील आणि कटआउट जळेल. सेल्फ आणि बल्ब यांना फरक पडत नाही. मॅग्नेटवाल्या पंख्याच्या मोटरी मात्र उलट्या फिरतात, त्यांच्या वायर बदला. इलेक्ट्रॉनिक आरपीएम मीटर आणि डायोड असलेला विजेचा फ्युएल पंप यांची आधी माहिती काढा. ते उलट्या ध्रुवावर जळतात.

प्रश्न: सेल्फ मारताना स्टिरिओ बंद पडून पुन्हा सुरू होतो. यानेही बॅटरी उतरते का?

उतरत नाही, पण बॅटरी थकल्याची ती खूण असू शकते. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर मोजा. ९.६च्या वर राहिले तर बॅटरी ठीक आहे आणि पिवळी वायर कुठेतरी बारीक किंवा गंजलेल्या जोडावरून घेतली आहे. लाल वायर स्टार्टच्या वेळी बंद होणे मात्र नेहमीचेच.

प्रश्न: गाडी महिनाभर उभीच असते. आयसोलेटर स्विच लावावा का? मग स्टिरिओची स्टेशने जातील.

बॅटरी गाडीपासून तोडणारा हा स्विच जरूर लावा, अर्थच्या केबलवर. स्टेशने राखायची असतील तर स्विचच्या दोन टोकांना समांतर ३ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज असलेली बारीक वायर जोडा. स्विच बंद असतानाही ५-१० मिलिअ‍ॅम्पिअर तिच्यातून जात राहतात आणि कोणी चावी फिरवून सेल्फ मारू पाहिला तर फ्यूज उडतो. पण वर सांगितलेल्यासारखी ३५० मिलिअ‍ॅम्पिअरची गळती या फ्यूजमधून बिनबोभाट जात राहील, तेव्हा ती शोधून काढल्यावरच ही वायर लावा. अल्टरनेटरवाल्या गाडीत इंजिन चालू असताना हा स्विच कधीही बंद करू नका. व्होल्टेज एकदम चढून अल्टरनेटरचे डायोड आणि स्टिरिओ दोन्ही जातात. महिन्यापेक्षा जास्त काळ गाडी हलणार नसेल तर आपोआप थांबणारा छोटा चार्जर थेट बॅटरीच्या दोन्ही पोस्टवर लावा, नाहीतर स्विच बंद असताना चार्जिंगचा करंट त्या ३ अ‍ॅम्पिअरच्या फ्यूजमधून जाऊ पाहील.